काकांची डुलणारी गाडी

"एस्टीच्या पायरीवर पडून पाय मोडला तरी चालेल, पण ह्यांच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही!"

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी मी देवरूखला पोचलो, पायांवर पाणी घेतले, ओटीवर टेकलो आणि माजघरातून काकूचे हे वाक्य कानांवर आले. काका झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते जरा उंच धरले, इतकेच.

घरोघरी असली भांडणे असतात, त्यांत मनावर काय घ्यायचे, असे तुम्ही म्हणाल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण रात्री काकूने कपाटातून डॉक्टरांची फाइल काढून दाखवली, तेव्हा माझा चेहरा उतरला. मधुमेहामुळे काकूच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला बजावले होते. श्रावणापर्यंत सगळे नेमाने चालले. नंतरच्या दोन पाळ्या सरळ चुकल्या होत्या. दिवाळीचे आकाशकंदील तिला दिसत होते, पण त्यांवरची नक्षी दिसत नव्हती.

आणि ह्या सगळ्याला कारण काय, तर मोटारीचे हेलकावे!

घाटातले ते वळण

देवरूखहून कोल्हापूरला जायचे म्हणजे साखरप्याला यायचे, तिथून आंबा घाट चढायचा आणि मलकापूरवरून पुढे जायचे. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. काकांची गाडी उंच, चौकोनी, आठ माणसांची, आता सोळा-सतरा वर्षांची झालेली. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा ह्या कथेत काही दोष नाही, हे पुढे कळेलच.

श्रावणात काका-काकू कोल्हापूरला निघाले. लेकीकडे जायचे म्हणून टपावरच्या कॅरियरवर तांदळाचे पोते, नारळ आणि दोन सुरण बांधले होते. घाटात पाऊस होता. एका वळणावर समोरून अचानक एस्टी आली. काकांनी चाक डावीकडे घेतले, आणि कठड्याजवळ गेल्यासारखे वाटताच लगेच उजवीकडे फिरवले. गाडी आधी एका बाजूला कलली आणि मग दुसऱ्या बाजूला त्याहूनही जास्त कलली. काकूचे डोके काचेवर आपटले. एका क्षणी तिला खिडकीतून रस्ता दिसेना, नुसती दरी दिसली.

झाले काहीच नाही. एस्टी निघून गेली, गाडी सरळ झाली. पण परतताना काकूने सबंध घाटभर डोळे मिटून रामरक्षा म्हटली, दोनदा उलटी केली, आणि घरी आल्यावर वरची प्रतिज्ञा केली.

"मग भाड्याची गाडी का नाही केलीत?" मी काकांना विचारले.

"केली ना. पाणंदीच्या तोंडाशी थांबली. वर येईना."

काकांच्या घराला जाणारी पाणंद म्हणजे जांभ्याचा चढ. पावसाने तिच्यात गुडघाभर चर पडतात. लहान गाडीचे पोट दगडाला लागते. म्हणून शेजारच्या दोन मुलांनी काकूला खुर्चीत बसवून उचलून खाली न्यायचे ठरवले. अर्ध्या वाटेवर ती रडू लागली. "मी जिवंत आहे रे अजून," एवढेच म्हणाली आणि खुर्ची परत फिरवायला लावली.

म्हणजे घरापर्यंत येणारी गाडी एकच, आणि तिच्यात बसायला काकू तयार नाही. मी आता निवृत्त. बँकेत आकडे तपासण्यात माझा जन्म गेला, मोटारीतले मला ओ की ठो कळत नव्हते. पण तुळशीचे लग्न होईपर्यंत देवरूखात राहायचे आणि ही गाडी सरळ करायची, असे मी ठरवून टाकले.

उंच गाडी कलते का?

आपल्याकडे ह्या उंच गाड्यांचे वेड जुने आहे. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि पंचायत समितीच्या साहेबांची जीप गावोगाव धुरळा उडवू लागली. काका सांगतात, लहानपणी ती जीप आली की सगळी शाळा बाहेर पळायची. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. सुमंत मुळगावकरांच्या नावाचे 'सु' आणि आडनावाचे 'मो' जोडून तिचे नाव ठेवले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यानंतर तर अशा गाड्या दारोदार दिसू लागल्या.

जुन्या जीपला चारी चाकांवर पाटे असत. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत, पण गाडी फारशी डुलत नसे. पुढे कुटुंबे ह्या गाड्यांतून फिरू लागली. त्यांना मऊपणा हवा होता. म्हणून पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि पिळाच्या दांड्या आल्या. उंची मात्र तशीच राहिली. उंच आणि मऊ अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की वळणावर गाडी कलायचीच.

ह्याचा अनुभव तुम्ही एस्टीत घेतलेला आहे. वळण आले की बसलेला माणूस जरासा सरकतो. उभा असलेला मात्र दांडा धरला नाही तर शेजाऱ्याच्या अंगावर जातो. दोघांना लागणारा रेटा सारखाच, पण उभ्या माणसाचे वजन उंचावर असते. गाडीचेही तसेच आहे. तिचे वजन जिथे एकवटले आहे असे आपण मानतो, तो बिंदू जितका वर, तितकी ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त झुकते.

अमेरिकेत गाडी उलटण्याचा धोका जोखायला एक साधा भागाकार करतात. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर घ्यायचे आणि त्या बिंदूच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. साध्या मोटारींचे उत्तर साधारण १.३ ते १.५ येते, उंच गाड्यांचे १ ते १.३. उत्तर जितके लहान, तितकी काळजी जास्त.

माझ्यातला बँकवाला इथे जागा झाला. समजा, गाडी २००० किलोची आहे, तो बिंदू ७५ सेंटिमीटरवर आहे आणि चाकांतले अंतर दीड मीटर आहे. उत्तर आले १. आता टपावर, दोन मीटर उंचीवर, फक्त ८० किलो ओझे ठेवा. बिंदू सुमारे पाच सेंटिमीटर वर सरकतो आणि उत्तर ०.९४ वर येते. तांदळाचे पोते आणि दोन सुरण यांनी केवढी करामत केली होती ते मला कागदावर दिसले!

वैद्य अनेक, औषध एकही नाही

दिवाळी संपताच गाडी एका शहरातल्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेटवर दोन दणके दिले, गाडी तीन-चार वेळा खालीवर झाली आणि त्याने निदान सांगितले, "शॉकअप गेले." चारी शॉकअप नवे बसवले. बिल पाहून काकांनी चष्मा काढून पुसला.

फरक पडला, नाही असे नाही. खड्ड्यानंतरचे डुलणे एका हेलकाव्यात थांबू लागले. पण वळणावर गाडी होती तितकीच कलत होती. ह्याचे कारण मला पुढे कळले. शॉकअपचे काम हालचाल दाबून संथ करण्याचे असते. गाडी किती भरकन कलेल आणि कलल्यावर किती वेळ डुलेल, हे तो ठरवतो. लांबलचक वळणावर ती शेवटी किती कलेल, हे मात्र स्प्रिंगा ठरवतात.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाले, मागे जाड तारेच्या स्प्रिंगा घाला. दुसरे म्हणाले, स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी ठोकळे बसवा. तिसऱ्यांनी तर पान्हा आणून पुढच्या पिळाच्या दांड्यांचे बोल्ट आवळूनच दिले. गाडीचे नाक दोन बोटे वर आले. काका खूश झाले, "बघ, कशी ताठ झाली!" साखरप्याच्या रस्त्यावर मी चालवून पाहिली. कलणे उलट वाढले होते.

हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून सांगतो. पिळाची दांडी म्हणजे एक लांब पोलादी सळई. तिचे एक टोक सांगाड्यात घट्ट असते, दुसरे चाकाच्या हाताला जोडलेले असते. चाक वर गेले की सळई पिळली जाते. बोल्ट आवळल्याने सळई जाड होत नाही. गाडी फक्त उंचावते, म्हणजे वजनही उंचावते. शिवाय चाकाला खाली जायला जागा कमी उरते, ते निराळेच.

मेस्त्री गाडीखाली शिरले

शेवटी देवरूखातच, संगमेश्वरच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी दणके दिले नाहीत. आधी गाडीभोवती फिरले. चाकांतली हवा मोजली. मऊ वाटावे म्हणून काका हवा कमी ठेवत. चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिली होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. टायरचीच कूस अशी लिबलिबीत झाली की वर काहीही केले तरी गाडी डुलणार. मग मेस्त्रींनी टपाकडे बोट दाखवले.

"हे कॅरियर कशाला हवं?"

"असू दे. लागतं कधीतरी," काका म्हणाले.

मेस्त्री काही न बोलता गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. बराच वेळ हातोडीचा बारीक आवाज येत राहिला. मग खालूनच त्यांनी विचारले,

"काका, हा लिंक रॉड कोणी काढलान?"

मी वाकून पाहिले. पुढच्या चाकांच्या मागे एक जाड सळई आडवी गेली होती. तिची दोन्ही टोके वळवलेली होती, आणि ती टोके कशालाच जोडलेली नव्हती. अधांतरी लोंबत होती.

ह्या सळईला कारागीर 'स्टॅबिलायझर' म्हणतात. तिची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन नावाच्या गृहस्थांना १९१९ साली तिचे पेटंट मिळाले. युक्ती इतकी सोपी की ऐकून आश्चर्य वाटावे. सळईचा मधला भाग रबरी बुशांतून सांगाड्याला धरलेला असतो, आणि दोन टोके छोट्या दांड्यांनी, म्हणजे लिंक रॉडनी, डाव्या आणि उजव्या चाकाला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर सळई आपल्या जागी नुसती फिरते, विरोध करत नाही. म्हणून गाडीचा मऊपणा जात नाही. पण वळणावर एका बाजूची स्प्रिंग दबते आणि दुसऱ्या बाजूची सुटते, तेव्हा सळईला पीळ बसतो. तो पीळ उलगडायला ती धडपडते आणि गाडीला सरळ ओढते.

काकांच्या गाडीत ही सळई होती, पण तिचे दोन्ही हात तोडलेले होते.

शेडमध्ये थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काका हळूच म्हणाले, "मीच काढायला लावले होते. पाच-सहा वर्षं झाली. पुढून सारखं खडखड वाजायचं. एकाने सांगितलं, हे काढलं की आवाज बंद. खरंच बंद झाला. आणि पाणंदीत तर गाडी जास्तच सुखाची वाटायला लागली."

"वाटणारच," मेस्त्री बाहेर येऊन हात पुसत म्हणाले. "ही दांडी दोन्ही चाकं एकमेकांना बांधते. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्याला पोचतो. काढली की खड्ड्यात बरं, वळणावर वाईट. खडखड बुश खाल्ल्याचं होतं. बुश बदलायचे, तर दांडीच सोडलान."

काका उठून शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. काकूच्या चुकलेल्या दोन पाळ्यांचा हिशेब ते करत असावेत. मी त्यांच्या मागे गेलो नाही.

जगाच्या पाठीवर

अशी फजिती थोरामोठ्यांचीही झालेली आहे. १९९७ साली स्वीडनमध्ये 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' नावाच्या मोटारविषयक नियतकालिकाने मर्सिडीजच्या अगदी नव्या ए-क्लास गाडीची परीक्षा घेतली. तिकडे रस्त्यात अचानक मूस नावाचे प्रचंड हरीण आडवे येते. ते टाळायला चाक एकीकडे फिरवायचे आणि लगेच उलट घ्यायचे, अशी ती परीक्षा. गाडी सर्वांसमक्ष उलटली. कंपनीने विक्री काही काळ थांबवली, गाडीची बैठक सुधारली, आणि चाक घसरू लागताच आपोआप ब्रेक लावणारी विजेची यंत्रणा सगळ्या ए-क्लास गाड्यांत बसवली.

हे वाचताना मला आंबा घाटातली एस्टी आठवली. काकांनी नेमके तेच केले होते: आधी डावीकडे, लगेच उजवीकडे. पहिल्या हेलकाव्यात दबलेली स्प्रिंग सुटता सुटताच दुसरा हेलकावा येतो, आणि दोन्ही धक्के एकत्र होतात. म्हणून दुसरे कलणे नेहमी जास्त भयंकर असते. काकूचे भय हा मनाचा खेळ नव्हता, हे मला तेव्हा पुरते पटले.

दुरुस्ती आणि परीक्षा

मेस्त्रींनी पुढे जे केले ते क्रमाने सांगतो. कोणाच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल. स्टॅबिलायझरचे बुश आणि दोन्ही लिंक रॉड नवे घातले. चाकांच्या हातांचे चेपलेले बुश बदलले. आवळलेले बोल्ट सोडून गाडी मूळ उंचीवर आणली आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. हवा चिठ्ठीप्रमाणे भरली. कॅरियर काढून टाकले. ह्या वेळी काका काही बोलले नाहीत. सगळ्याचा खर्च शॉकअपच्या बिलाच्या निम्माही झाला नाही.

"आणखी जाड दांडी घालू या का?" मी उत्साहाने विचारले. सळईची ताकद तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, हे मी तोवर वाचले होते. २२ मिलिमीटरच्या जागी २५ ची घातली तर ताठपणा दीडपटीहून अधिक होतो.

मेस्त्री हसले. "आधी होती ती तर वापरून बघा! पुढनं फार ताठ केली तर पावसात पुढची चाकं वळणाबाहेर घसरतील. मागनं ताठ केली तर मागचं ढुंगण फिरेल. आणि काकूंना रोज पाणंदीतनंच यायचंय ना? फार कडक केलीत तर कवळी पडेल त्यांची."

गाडी झाली, पण काकूचे काय? ती म्हणाली, "सोळजाईच्या देवळापर्यंत नेऊन दाखव." नेली. दुसऱ्या दिवशी साखरप्यापर्यंत नेली. ती मागे बसली होती, एका हाताने वरचा दांडा घट्ट धरून. येताना आरशात पाहिले, तर हात मांडीवर होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला निघायचे ठरले. पहाटे काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव. माझ्यावर तिचा विश्वास नाही आता."

काकू उंबऱ्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. "त्यांनाच चालवू दे," ती म्हणाली. "मात्र सावकाश."

ह्या 'सावकाश'चा हिशेबही मी करून ठेवला होता, तो काकांना वाटेत सांगितला. वळणावरचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसचा वेग तीसवर आणला की रेटा जवळजवळ निम्मा होतो. त्यात एक पैसाही खर्च होत नाही. काकांनी मान डोलवली आणि आंबा घाट तिशीत चढला. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात चाकाला झटका नाही. त्या दिवशीही समोरून एस्टी आली. काका बाजूला घेऊन थांबले, ती गेली, आम्ही निघालो. गाडी कलली का? कललीच. उंच गाडी थोडी कलायचीच. पण ती एकदाच कलली, आणि आपली आपण सरळ झाली.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो. काकूने पाण्याची बाटली मागितली, तोंड धुतले आणि विचारले, "घाट संपला?" काकांनी नुसती मान हलवली. त्यांचा कंठ दाटून आला होता.

त्यानंतर एकही पाळी चुकलेली नाही. डॉक्टर म्हणाले, मधल्या दोन महिन्यांत जे गेले ते सगळे परत येणार नाही. पण सूज उतरली आहे आणि राहिलेली नजर टिकेल. यंदा काकूने आकाशकंदिलाचा कागद स्वतः निवडला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एक पंचाईत झाली. काकू दिवाळी अंक भिंग लावून अथपासून इतिपर्यंत वाचते, आणि लिंक रॉड कोणी काढायला लावला हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. म्हणून काकांनाच विचारले, ते लिहू की गाळू?

काकांनी झोपाळा थांबवला. थोडा वेळ पाणंदीकडे पाहिले.

"लिही," ते म्हणाले. "आणखी कोणी आवाजाला कंटाळून काढून ठेवला असेल, तर बसवून तरी घेईल."